सोंगाड्याची वेळ

महोदय,

लोककलांवरील लेखांत लावणीलाच मान मिळतो. तमाशाच्या फडातील विनोदाचा मात्र ओझरता उल्लेख होतो, म्हणून हे पत्र. भाऊ-बापू नारायणगावकर, विठाबाई, त्यांच्या कन्या मंगला बनसोडे आणि नातू नितीनकुमार अशा चार पिढ्या ज्या घराण्याने या रंगमंचाला दिल्या, त्याचे मोल केवळ ढोलकी आणि घुंगरांत मोजता येणार नाही. गवळणीतील (कृष्ण-गौळणींच्या प्रवेशातील) विनोदी मावशी आणि वगातील (तमाशातील कथानाट्यातील) विदूषक म्हणजे सोंगाड्या, ही लिहून पाठ करण्याची कामे नव्हेत. राजाची गंभीर आज्ञा ऐकता ऐकता समोर बसलेल्या पाटलाच्या फेट्यावर कोटी करायची आणि हशा ओसरण्याआधी कथानकाला परत रुळावर आणायचे, ही वेळ साधण्याची कला मुले राहुटीत निजता-उठता, थोरांची बतावणी, म्हणजे उत्स्फूर्त विनोदी संवाद, ऐकतच शिकतात.

विठाबाईंच्या नावाने शासन 2006 पासून जीवनगौरव पुरस्कार देते, हे योग्यच आहे. परंतु पुरस्कार बहुधा उतारवयात मिळतो आणि बतावणी तर दर रात्री बदलते. आमच्या गावच्या यात्रेत गेल्या खेपेस फडाला वग आवरता घ्यायला लावून फर्माइशीची चित्रपटगीते वाजवली गेली. रंगलेला सोंगाड्या वाक्य अर्धवट टाकून, खांद्यावरचा पंचा सावरत आत गेला. (टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.) पाडव्याच्या सुमारास नारायणगावात सुपाऱ्या (खेळांचे करार) ठरवणाऱ्या यात्रा समित्यांनी निदान वगाचा पूर्ण वेळ करारात लिहून घ्यावा आणि शासनाने जुन्या सोंगाड्यांच्या बतावण्यांचे ध्वनिमुद्रण करावे, ही विनंती.

आपला,
एक तमाशाप्रेमी वाचक, जुन्नर