आयुक्त साहेब, वाणासोबत मत मागू देऊ नका

प्रति,
माननीय राज्य निवडणूक आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

यंदाची संक्रांत 14 जानेवारीला आली आणि आमच्या नागपूर महापालिकेचं मतदान 15 तारखेला, ऐन किंक्रांतीच्या दिवशी. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करायचं असतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं. या वर्षी मात्र आमच्या वस्तीत ते आठ दिवस आधीच सुरू झालं.

बोलावणं द्यायला आलेल्या मुली ओळखीतल्याच होत्या. उमेदवाराचं नाव कुणी घेतलं नाही. हॉलमध्ये गेल्यावर हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला आणि हातात स्टीलचा डबा ठेवला. झाकण उघडलं तर आत प्रचाराचं पत्रक घडी करून ठेवलेलं. मी डबा परत टेबलावर ठेवला. वाटणारी म्हणाली, "काहून परत करता, ताई? वाण आहे ते. सगळ्याच घेऊन राहिल्या नं." वाणाला नाही म्हणायचं नसतं. मागे बायकांची रांग होती. मी डबा उचलला आणि घरी आले.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 प्रमाणे मतासाठी काही देणारा जसा दोषी, तसाच घेणाराही दोषी. म्हणजे त्या हॉलमधल्या आम्ही साऱ्या जणी. आता यातली कोण तक्रार करायला जाईल? साहेब, मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. रोख पाकीट नाकारायला बाईला बळ असतं, कारण ते काय आहे हे लपत नाही. वाण नाकारायचं म्हणजे कुंकू लावणाऱ्या बाईचा अपमान करायचा. आमच्या संकोचाचाच इथे उपयोग करून घेतला गेला.

आणखी एक सांगते. आमच्या शेजारच्या काकूंना यजमान नाहीत. आमच्या गल्लीच्या हळदीकुंकवाला त्या दर वर्षी असतात, कारण कुणाला वगळायचं नाही असं आम्ही बायकांनी फार पूर्वीच ठरवलं. या हॉलचं बोलावणं त्यांना आलं नाही. मत मागायला मात्र त्यांच्या दाराची बेल दोनदा वाजली. इतक्या कष्टाने मोडलेली एक वाईट रीत प्रचाराने आमच्या गल्लीत परत आणली.

मला उमेदवारांना काही विचारायचं होतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी लोक झोपेत असताना घरांत शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, पुढे नदीकाठच्या कितीतरी वस्त्या. शहरात माणसं दगावली. आम्ही आईला उचलून वरच्या मजल्यावर नेलं. फ्रिज तरंगत होता. त्या अंधारात हातात फोन घेऊन मी विचार करत राहिले की लावू कुणाला. नगरसेवक नव्हतेच. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता.

घटनेचं कलम 243-यू सांगतं की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभाग तीन नगरसेवकांचा की चारचा हा घोळ, कोर्टातल्या तारखा, हे सगळं मी वर्तमानपत्रात वाचत आले. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला आदेश दिला तेव्हा कुठे चाकं हलली. फेब्रुवारी 2017 नंतर आम्ही नगरसेवक निवडला तो थेट जानेवारी 2026 मध्ये. इतक्या वर्षांचं विचारायचं साचलं असताना प्रचारात विचारायला जागाच नव्हती.

पदयात्रा आली. डीजे, फटाके, फुलांचे हार, मागून चौघा उमेदवारांची एकच गाडी. 38 प्रभाग, 151 जागा, एक प्रभाग सोडला तर सगळे चार जणांचे. माझ्या भाचीने गाडीजवळ जाऊन विचारलं, "नदीच्या संरक्षक भिंतीचं काय करणार?" चौघांपैकी एकाने हात जोडले, दुसऱ्याने पुढच्या घराकडे बघितलं. सोबतचा कार्यकर्ता तिला म्हणाला, "यादीत नाव आहे का तुझं?"

नव्हतं. ती ऑगस्टमध्ये अठराची झाली. या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. मतदानाच्या दिवशी ती जवळपास साडेअठरा वर्षांची होती, पण प्रभागासाठी मत देण्याची तिची पहिली वेळ आता पाच वर्षांनी येईल. पुरात वह्या-पुस्तकं उन्हात वाळत घालणारी ती होती. प्रश्न विचारणारीही तीच होती. प्रभागांच्या याद्या फोडायला वेळ लागतो, हे मी समजू शकते. साडेसहा महिने मात्र फार होतात.

मतदान केंद्रात मला चार वेळा बटण दाबायचं होतं. चार जागांच्या मतपत्रिकांचे चार रंग: पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. आईला मी घरीच रंग समजावून सांगितले होते. चारही मतं मी विचार करून दिली, पण त्यातल्या एकाही उमेदवाराचं नदीबद्दलचं एक वाक्य मी ऐकलेलं नव्हतं. लोकसभेला, विधानसभेला मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी दिसते, तीही इथे नसते. त्यावर जाणकार बोलतीलच. मला त्याआधीचं बोलायचं आहे.

आचारसंहिता लागली की प्रत्येक प्रभागात एक सभा तुमच्या यंत्रणेने घ्यावी. महापालिकेच्या शाळेचं पटांगण पुरे. मांडव नको, जेवण नको. सगळे उमेदवार एका रांगेत बसवा, समोर आम्ही, मधे तुमचा अधिकारी. नाव यादीत असो नसो, प्रभागात राहणाऱ्या प्रत्येकाला विचारू द्या. त्याचं चित्रीकरण करून सर्वांना पाहायला ठेवा. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी दिसू द्या. घटनेच्या कलम 243-झेडए ने निवडणुकीचं नियंत्रण तुमच्याकडे दिलं आहे. एवढं त्यात बसत असेल, असं मला वाटतं.

दुसरं वाणाचं. आचारसंहितेच्या काळात असे समारंभ कुठे होत आहेत, हे शोधायला हॉलच्या बुकिंगची वही पुरते. तक्रारीची वाट बघू नका. ज्या बाईने वस्तू घेतली आणि दोन-तीन दिवसांत ती महापालिकेच्या झोन कार्यालयात आणून दिली, तिच्यावर गुन्हा दाखल होणार नाही अशी तरतूद व्हायला हवी. कायदा बदलणं तुमच्या हातात नाही, पण तुमच्या शिफारशीला वजन आहे. निकालानंतर 30 दिवसांत उमेदवार खर्चाचा जो हिशेब देतात, तो झोन कार्यालयाच्या फलकावर लावा. त्यात स्टीलच्या डब्यांची ओळ आहे की नाही, हे आम्ही बायका पाच मिनिटांत सांगू. डब्याचा भाव आम्हाला पाठ असतो.

माझ्याकडचा डबा मी वापरलेला नाही. पत्रक अजून त्यातच आहे. तो कुठे आणून द्यायचा, एवढं तरी कळवा. माझं नाव लिहून घेतलं तरी चालेल.

आपली,
नाग नदीकाठची एक मतदार
नागपूर