विसार देण्याआधी : आमच्या वकील मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय वकील मॅडम,
स.न.वि.वि.

कोथरूडच्या सदनिकेचे खरेदीखत नोंदले गेले, सूची क्रमांक दोनवर (नोंदणी कार्यालयाच्या ‘इंडेक्स टू’ उताऱ्यावर) आम्हा दोघांची नावे लागली आणि ताबाही मिळाला. आपले आभार आम्ही फोनवर मानले होतेच. तरी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण नेमके काय केलेत हे जुनी सदनिका घेऊ पाहणाऱ्या इतरांनाही कळावे, असे आम्हा उभयतांना वाटते. आपले आणि विक्रेत्यांचे नाव मात्र मुद्दामच घेतलेले नाही.

व्यवहार वरकरणी अगदी सरळ होता. विक्रेत्यांच्या वडिलांनी घेतलेली सदनिका, आईवडील दोघेही निवर्तलेले, सोसायटीच्या भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) मुलाचे नाव आणि सदनिकेवर कर्ज नाही. मध्यस्थाने विसार पावतीचा, म्हणजे सौदा पक्का करताना द्यायच्या आगाऊ रकमेच्या पावतीचा, तयार मसुदा पुढे केला होता आणि आम्हाला कर्ज देणारी बँक कागद तपासतेच, मग वेगळा वकील कशाला, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर आपण म्हणालात, की बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत की नाहीत एवढेच पाहतो. विसार मात्र तुमच्या खिशातून जाणार आहे आणि त्या पावतीशी बँकेला काही देणेघेणे नाही.

भागदाखला आपण हातात घेतलात तो थेट उलटा करूनच. मागच्या बाजूच्या हस्तांतरणाच्या तक्त्यात मुलाच्या नावासमोर सचिवांच्या अक्षरात ‘नामनिर्देशनानुसार’ (म्हणजे नॉमिनी म्हणून) असे लिहिलेले होते. आपण त्यावर पेन्सिलीने हलकेच खूण केलीत आणि एकच प्रश्न विचारलात : यांना बहिणी किती? बहिणी दोन निघाल्या. एक नाशिकला, दुसरी अमेरिकेत. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे आपण आम्हाला आणि नंतर विक्रेत्यांनाही, त्यांचा कोठेही अवमान न होऊ देता, समजावून सांगितलेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगा आणि मुली यांचा वाटा समान असतो. सोसायटीने दाखल्यावर कोणाचेही नाव चढवले तरी त्यात फरक पडत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर नामनिर्देशित व्यक्तीला वारस निश्चित होईपर्यंत केवळ तात्पुरते सभासदत्व देण्याची तरतूद आहे. थोडक्यात, विक्रेते प्रामाणिकपणे संपूर्ण सदनिका विकायला निघाले होते आणि त्यांच्या एकट्याच्या सहीने आम्हाला मिळाला असता तो एक तृतीयांश हिस्सा.

बहिणींची हरकत नव्हतीच. नोटरीपुढे केलेले संमतीपत्र आणून देतो, असे विक्रेते म्हणाले आणि मध्यस्थाने लगेच मान डोलावली. आपण ते मान्य केले नाही. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे, यावर आपण ठाम राहिलात. नाशिकच्या बहिणीने दुय्यम निबंधक कार्यालयात येऊन सही केली. अमेरिकेतील बहिणीने भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा दस्त) साक्षांकित करून पाठवले आणि ते राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरले जाईल, याकडेही आपणच लक्ष ठेवलेत. व्यवहार लांबला, हे खरे. मध्यस्थ वैतागला, हेही खरे. पण वकील मध्ये आला की व्यवहार मोडतो, ही जी समजूत सर्रास ऐकू येते, तिच्या अगदी उलट आमच्या बाबतीत घडले.

मसुद्यातील ज्या कलमाकडे आमचे दोघांचेही लक्ष गेले नव्हते, ते विसाराच्या जप्तीचे. ‘कोणत्याही कारणास्तव’ खरेदीदाराकडून व्यवहार पूर्ण न झाल्यास विसाराची संपूर्ण रक्कम जप्त होईल, असे त्यात लिहिलेले होते. बहिणींचा प्रश्न पुढे बँकेने उपस्थित करून कर्ज नाकारले असते, तर तेही ‘कोणतेही कारण’च ठरले असते, म्हणजे दोष विक्रेत्याच्या मालकीत आणि भुर्दंड आम्हाला. आपण ते कलम नव्याने लिहिलेत : मालकीतील दोषामुळे किंवा सोसायटीचे ना-हरकत पत्र न मिळाल्यामुळे व्यवहार थांबला तर पूर्ण रक्कम ठरलेल्या मुदतीत परत, आम्ही आमच्या मर्जीने माघार घेतली तर ठरावीक रक्कमच जप्त. ही दुसरी अट आमच्या विरुद्ध जाणारी होती, तरी ती आपणच सुचवलीत आणि त्यामुळेच विक्रेत्यांनी पहिली अट तक्रार न करता स्वीकारली, असे मला वाटते. ताब्याच्या तारखेपर्यंतची मिळकतकर, वीजबिल आणि देखभाल खर्चाची थकबाकी विक्रेत्याकडे, तसेच मूळ कागदपत्रांची यादी परिशिष्टात, हेही आपण त्याच ओघात घालून घेतलेत.

एक गोष्ट आपण सोडवू शकत नव्हतात आणि तीही आमच्यापासून लपवली नाहीत. इमारतीखालची जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) मूळ जमीनमालकच आहेत. यामुळे आमची खरेदी अवैध ठरत नाही, पण उद्या पुनर्विकासाचा विषय निघाला की सोसायटीला आधी मानीव अभिहस्तांतरणाची (सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची) वाट धरावी लागेल, हे आपण सांगितलेत आणि त्याचा विचार करूनच किंमत ठरवा, असा सल्ला दिलात. किंमत त्यानंतर थोडी उतरली.

आपल्या शुल्काविषयीही लिहायला हवे. पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि त्यावर 30,000 रुपयांपर्यंत नोंदणी शुल्क लोक निमूटपणे भरतात, मध्यस्थाची दलाली देतात आणि घासाघीस करतात ती वकिलाच्या फीची. आपण फी पहिल्याच भेटीत सांगितलीत, पुढे तीत एक रुपयाही वाढवला नाहीत आणि न मागता पावती दिलीत.

माझ्या मावसभावाला आपला क्रमांक दिला आहे. तो नव्या प्रकल्पात घर घेत आहे आणि करार नोंदवण्याआधीच त्याच्याकडे किमतीच्या 20 टक्के रक्कम मागितली जात आहे. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, एवढे मी त्याला आपल्याकडून ऐकलेल्या भरवशावर सांगितले. बाकीचे आपणच सांगावे. मसुदा घेऊन तो येत्या आठवड्यात आपल्या कार्यालयात येईल. धनादेश अजून त्याच्याचकडे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
कोथरूडचा एक सदनिकाधारक