प्रौढांची दहावी दाखल्यापाशीच अडते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की गुणवंतांची छायाचित्रे सर्वच वृत्तपत्रांत झळकतात. तिशी ओलांडल्यावर बाहेरून दहावीला बसणाऱ्यांची दखल मात्र कोठे घेतली जात नाही, आणि त्यांच्यातील कित्येक जण परीक्षेच्या खोलीपर्यंत का पोहोचत नाहीत, हेही कोणी विचारीत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी पूर्व नागपुरातील एका समाजमंदिरात दर रविवारी सकाळी अशा प्रौढांना गणित शिकवतो. अभ्यासाला कंटाळून सोडून गेलेला विद्यार्थी मला क्वचितच आठवतो. कागदांना कंटाळून गेलेले पुष्कळ आठवतात.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई आल्या. वय 31, शिक्षण नववीपर्यंत, तेही भंडारा जिल्ह्यातील माहेरच्या गावी. मुलीचीच कंपासपेटी घेऊन त्या वर्गाला येत आणि उत्तर बरोबर आले तरी पाटीवर लिहावे तसे बोटाने पुसून पुन्हा लिहीत. त्यांना अंगणवाडी मदतनीस व्हायचे आहे. पूर्वी या कामाला सातवी पुरत असे. आता बारावी उत्तीर्ण असावे लागते आणि वयाची मर्यादा सर्वसाधारणपणे 35 वर्षे आहे. त्यामुळे त्यांच्यासाठी वाया गेलेले एकेक वर्ष म्हणजे हातची नोकरी जाणे होय.

राज्य मंडळाचा 17 नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देणे, हा त्यातल्या त्यात ओळखीचा मार्ग आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. बाईंचा दाखला हरवला होता. दुय्यम प्रत मिळवण्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि गावी दोन हेलपाटे, म्हणजे धुण्याभांड्यांच्या घरांतील दोन खाडे झाले. दाखला हाती आला तो माहेरच्या नावाचा, आणि आधार कार्डावर सासरचे नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या जवळपास प्रत्येक स्त्रीची हीच गत आहे, तरीही संपर्क केंद्र असलेल्या, म्हणजे खासगी विद्यार्थ्यांचे अर्ज घेणाऱ्या शाळेतील लिपिक दरवेळी हे प्रकरण प्रथमच पाहत असल्यासारखे वागतात. एका ठिकाणी तर, ‘ताई, नेहमीच्या पोरांचंच काम उरकत नाही, त्यात तुमचं कुठे घेऊ?’ असे सुनावण्यात आले. माझ्या मते दोष एकट्या लिपिकाचा नाही. पण ऐकून घेणाऱ्या बाईला तो दोष वाटून घेता येत नाही.

नावाचा गुंता सुटला, नोंदणी झाली, आणि खरा घोळ येथेच झाला. 17 नंबरचा अर्ज ही केवळ नावनोंदणी असते. परीक्षेचे आवेदनपत्र त्यानंतर काही महिन्यांनी, साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे, शाळेमार्फत वेगळे भरावे लागते. नियमित विद्यार्थ्याला हे वर्गातच कळते. बाहेरून बसणाऱ्याला कळवायला कोणी नसते. बाईंना वाटले, फॉर्म तर भरला आहे. संपर्क केंद्राने फोन केला नाही, मीही विचारायला विसरलो (ही माझी चूक मी मान्य करतो), आणि ते वर्ष गेले.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्यायही आहे. तेथे दहावी मराठी माध्यमातून देता येते, 5 विषय पुरतात, एकदा प्रवेश घेतला की 5 वर्षांत 9 वेळा परीक्षेची संधी मिळते आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेत नापास झालेल्यांना उत्तीर्ण असलेल्या जास्तीत जास्त 2 विषयांचे गुण तिकडे नेता येतात. संसार आणि मजुरी सांभाळणाऱ्यांना एकेक विषय सोडवण्याची ही रीत अधिक मानवते. एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या उन्हात परीक्षा देणे ही वेगळीच परीक्षा असली, तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरचीही संधी असते. परंतु हे वस्तीत सांगणार कोण? माहितीची ही पोकळी ‘नापासांना हमखास पास’ अशी पत्रके वाटणारे दलाल भरून काढतात. ते कोणत्या मंडळाचे प्रमाणपत्र देणार आहेत, हे विचारण्याइतका धीर फार थोड्यांना असतो.

केंद्राच्या 2022 ते 2027 या काळासाठीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात प्रौढांसाठी समकक्ष शिक्षणाचाही, म्हणजे शालेय इयत्तांच्या तोडीच्या शिक्षणाचाही समावेश आहे. आमच्या भागात मात्र हा कार्यक्रम साक्षरतेच्या चाचणीपलीकडे गेलेला दिसत नाही. केवळ सही करता येणारी आणि नववी शिकलेली अशा दोन्ही बायकांना एकाच खडू-फळ्यापुढे बसवून काय साधते, ते कळत नाही.

नागपूर विभागीय मंडळाच्या अखत्यारीत नागपूरसह भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे येतात. म्हणजे दाखला देणारी शाळा आणि अर्ज घेणारी शाळा या दोन्ही या बाईंच्या बाबतीत एकाच विभागीय मंडळाखाली आहेत. अशा वेळी दाखल्याची पडताळणी शाळांनी आपसांत करावी, उमेदवाराला एसटीने धाडू नये, ही मागणी अवाजवी नाही. माहेर-सासरच्या नावांचा मेळ घालण्यासाठी कोणती कागदपत्रे चालतील, याची एकच यादी प्रत्येक संपर्क केंद्राच्या फलकावर लावावी. नोंदणीच्या वेळी मोबाइल क्रमांक घेतलाच जातो, तेव्हा दुसऱ्या अर्जाची मुदत त्यावर मराठीतून कळवण्यास खर्च असा काही येत नाही. महापालिकेच्या विद्यार्थ्यांअभावी बंद पडलेल्या शाळांतील दोन-चार खोल्या संध्याकाळी उघडून दिल्या, तर आम्हा शिकवणाऱ्यांचीही सोय होईल. समाजमंदिरात लग्न असले की आमचा वर्ग सध्या पिंपळाच्या पारावर भरतो.

बाई आता 32 वर्षांच्या आहेत. येत्या मार्चमध्ये दहावी झाली, तर खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसण्यापूर्वी 2 वर्षांचे अंतर राखावे लागेल, आणि तोवर पस्तिशी गाठली जाईल. यंदा त्यांची नोंदणी पुन्हा झाली आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ‘दुसरा फॉर्म’ असे लिहून पुढे तारखेची जागा मोकळी ठेवली आहे. ती तारीख त्यांना अद्याप कोणी कळवलेली नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर