नर्स व्हायला मी म्हातारी झाले का? वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना एका आशाताईचं खुलं पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सविनय नमस्कार.

मी अकोले तालुक्यातल्या डोंगराळ भागात 2014 पासून आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, म्हणून काम करते. आपला वेळ मोलाचा, म्हणून विनंती आधीच लिहिते. नर्सिंगच्या प्रवेशाला असलेली 35 वर्षांची वयोमर्यादा आशांसाठी शिथिल करावी.

गेल्या सोमवारी मी पहाटेच्या एसटीनं जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, प्रवेशाची चौकशी करायला गेले. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "मावशी, मुलीचं अ‍ॅडमिशन आहे का?" माझंच आहे म्हटल्यावर त्यांनी जन्मतारीख बघितली, बोटांवर मोजलं आणि फाइल न उघडता परत सरकवली. आत बारावीचं गुणपत्रक होतं. ते त्यांनी पाहिलंही नाही.

ते गुणपत्रक मिळवायला मला किती वर्षं लागली हे ऐका. दहावी झाल्यावर लग्न झालं. दोन मुलं, शेत, सासऱ्यांचं आजारपण. मग बारावीला बाहेरून बसायचा 17 नंबरचा फॉर्म भरला. दिवसा गावात फिरायचं आणि रात्री मुलं झोपली की इंग्रजीचं पुस्तक उघडायचं. मे 2024 मध्ये 58 टक्के मिळाले तेव्हा माझं वय होतं 35 वर्षं 5 महिने. पाच महिने, साहेब! त्याच वर्षी आशांच्या एका मेळाव्यात एका अधिकाऱ्यांनी माइकवर सांगितलं, "आशाताईंना वयात सवलत मिळणार, तयारीला लागा." आम्ही टाळ्या वाजवल्या. मी वर्षभर थांबले. सवलतीचा कागद आजतागायत कुणी पाहिलेला नाही.

परत येताना स्टँडवर एक दलाल भेटला. म्हणाला, तारखेचं काम करून देतो, तीस हजार लागतील. म्हणजे खोटी तारीख चालेल आणि माझी खरी चालणार नाही!

मला नर्स का व्हायचंय तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी श्रावणात एका बाळंतिणीच्या घरी सातव्या दिवसाच्या भेटीला गेले होते. लाइट नव्हती. बाळाच्या पोटावर टॉर्च धरून, घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला 72. आम्हाला शिकवलंय, 60 झाले की धोका. आजी म्हणत होती, गारठ्यानं धापतंय. मी पुन्हा मोजले. 74. गाडी येईपर्यंत बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून गोधडी लपेटली. दवाखान्यात रात्रपाळीला एकच सिस्टर होत्या. त्यांनी त्या काडीएवढ्या हातात सलाइनची सुई पहिल्याच झटक्यात घातली. मी शेजारी टॉर्च धरून उभी होते. धोका मी ओळखला होता, पण पुढचं काहीच मला करता येत नव्हतं. ते बाळ आज अंगणवाडीत जातं.

नर्सिंग परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. त्या रात्री त्या सिस्टरकडे तीसच्या वर खाटा होत्या. माणसं कमी आहेत आणि यायला तयार असलेल्यांना तुम्ही खिडकीवरून परत पाठवता. डॉक्टर व्हायला नीटची वरची वयोमर्यादा 2022 मध्ये काढून टाकली. एमपीएससी खुल्या गटाला 38 पर्यंत देता येते. चाळिशीत डॉक्टरकीला बसता येतं, मग 36 व्या वर्षी नर्सिंग शिकायला काय आडवं येतं? मी 40 ची होऊन पास झाले तरी 58 पर्यंत 18 वर्षं काम करीन.

नियम दिल्लीच्या नर्सिंग परिषदेचा आहे, असं उत्तर येईल. मग तो नियम पुढे वाचा. एएनएम, म्हणजे नर्सिंगचा त्याहून छोटा कोर्स, झालेल्या बाईला जीएनएमसाठी वयाची अट नाही, असं त्यातच लिहिलंय. त्या आधीपासून आरोग्याच्या कामात आहेत म्हणून त्यांना सूट असेल, तर आम्हीही त्याच कामात नाही का? आणि आशांनी आधी एएनएम करायचं म्हटलं, तर तिथंही पुन्हा 35 च. दिल्लीला शिफारस पाठवायला तुम्हाला कोण अडवतंय?

खरं सांगू का, आम्हाला आता कुणाच्या शब्दाचा भरवसा वाटत नाही. 2023 च्या संपात आमच्या मानधनात महिन्याला सात हजारांची वाढ जाहीर झाली. ती कागदावर यावी म्हणून आम्ही थंडीत आझाद मैदानात बसलो आणि मार्च 2024 मध्ये हातात पडले पाच हजार. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा सगळ्यांनी आमचे फोटो लावले. पगार मागितला की आम्ही स्वयंसेविका, साथ आली की आम्ही योद्ध्या आणि शिकायला निघालो की म्हाताऱ्या. घरातल्या सुनेलासुद्धा कुणी असं वागवू नये.

मला फुकट जागा नको. प्रवेशाची परीक्षा घ्या, मुलाखत घ्या, मी उभी राहीन. पाच वर्षं काम केलेल्या आशांसाठी वयाची अट निदान 45 करा आणि सरकारी शाळांत थोड्या जागा ठेवा. यंदाचे प्रवेश संपायच्या आत तसा कागद काढा.

या डिसेंबरमध्ये मला 37 पूर्ण होतील.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
अकोले तालुका