सौर महिन्यांना त्यांची स्वतःची नावं द्या : केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

देशाचं राष्ट्रीय पंचांग आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत निघतं, म्हणून हे पत्र आपल्याला. हवामान विभागाचं कोलकात्याचं पोझिशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी सेंटर ते दरवर्षी मराठीसह अनेक भाषांत प्रसिद्ध करतं. या पंचांगातल्या राष्ट्रीय सौर महिन्यांना नवी नावं द्यावीत, एवढीच माझी मागणी आहे. महिन्यांची सुरुवात, त्यांचे दिवस, शकाचा आकडा, यातल्या कशालाही हात लावू नये.

मी भूगोल शिकवतो आणि या सौर महिन्यांची राष्ट्रीय दिनदर्शिका मला मनापासून आवडते. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ला, ती अमलात आली. खगोलभौतिकशास्त्रज्ञ डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ती आखली. त्या समितीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, हे महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नसतं. काम किती नेटकं आहे बघा. वर्ष वसंतसंपाताला, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा, सुरू होतं. वैशाख ते भाद्र हे पाच महिने ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन हे सहा ३० दिवसांचे, आणि चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१ चा. हे पाच मोठे महिने उगीच ठरवलेले नाहीत. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि तिची चाल मंदावते, त्यामुळे वर्षाचा तो भाग मुळातच लांब असतो. फेब्रुवारीच्या वाट्याला २८ दिवस का आले हे वर्गात सांगायचं तर रोमचा इतिहास काढावा लागतो, इथे मात्र आकाशाकडे बोट दाखवलं की झालं. १५ ऑगस्टला दरवर्षी २४ श्रावण, २६ जानेवारीला ६ माघ, १ मे ला ११ वैशाख.

असं असूनही ही दिनदर्शिका राजपत्राच्या मथळ्यावर आणि आकाशवाणीवरच राहिली. सरकारची उदासीनता हे एक कारण आहेच. पण माझ्या मते मोठं कारण नावांचं आहे.

८ एप्रिल २०२४ ला मी पैसे काढायला सेल्फचा चेक लिहिला. राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे हिंदीत तारीख घातलेला चेक बँकेने स्वीकारावा अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, म्हणून मुद्दाम हिंदीत लिहून तारीख घातली १९ चैत्र १९४६. काउंटरवरच्या तरुणाने चेक पाहिला, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, उद्या पाडवा. चैत्र अजून लागायचाय, ही एकोणीस तारीख कुठून आणलीत? शके पण उद्या बदलणार.” कॅलेंडरवर त्या दिवशी फाल्गुन अमावास्या होती. तो मुलगा चुकला असं मी म्हणणार नाही. आपल्या घराघरांत चैत्र म्हणजे जो असतो, तो खरंच दुसऱ्या दिवशी लागणार होता. काशीत मात्र त्याच दिवशी चैत्र कृष्ण अमावास्या होती, कारण उत्तरेत महिना आपल्यासारखा अमावास्येला नाही, पौर्णिमेला संपतो. एका नावाचे दोन अर्थ या देशात आधीपासूनच नांदत होते, त्यात १९५७ साली सरकारने तिसऱ्याची भर घातली. मी दुसरा चेक लिहून दिला.

त्याच्या आदल्या वर्षी गंमत झाली होती. २०२३ चा गुढीपाडवा नेमका २२ मार्चला आला, सौर आणि चांद्र दोन्ही चैत्र एकाच दिवशी सुरू झाले. मुलांना वाटलं, चला, जुळलं. पुढे अधिक श्रावण आला आणि गणेश चतुर्थी, म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्थी, गेली सौर भाद्राच्या २८ तारखेवर. आश्विनातलं लक्ष्मीपूजन सौर कार्तिकाच्या २१ ला झालं. हे वर्गात समजावताना शिक्षकाची दमछाक होते आणि हुशार मुलं शेवटी विचारतात, मग त्याला कार्तिक म्हणायचंच कशाला?

प्रश्न रास्त आहे. चैत्र हे नाव चंद्राचं आहे. ज्या महिन्याची पौर्णिमा चित्रा नक्षत्रापाशी होते तो चैत्र, कृत्तिकांपाशी होते तो कार्तिक. राष्ट्रीय दिनदर्शिकेत चंद्राला जागाच नाही, तिथे पौर्णिमा कोणत्याही तारखेला येऊ शकते. सूर्याच्या महिन्याला चंद्राचं नाव दिल्याने दोघांचंही नुकसान झालं आहे. केरळात हे पूर्वीच ओळखलं गेलं. तिथल्या पारंपरिक कोल्लम वर्षातले सौर महिने चिंगम, कन्नी, तुलाम असे राशींच्या नावांचे आहेत, तिथे हा घोटाळा होत नाही.

मग कोणती नावं घ्यावीत? सर्वांत आधी सुचतात ती यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेतली: मधु, माधव, शुक्र, शुचि, नभ, नभस्य, इष, ऊर्ज, सह, सहस्य, तप, तपस्य. ती ऋतूंची म्हणजे सूर्याची नावं आहेत आणि चैत्रादी नावांपेक्षा जुनी आहेत. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात उत्तरायण तप महिन्यापासून धरलं आहे. तो हिशेब लावला तर २२ डिसेंबरला तप लागेल, २२ मार्चला माधव आणि २२ जूनला नभ. पाऊस देशात पसरत असताना ‘नभ’ लागावा हे मला फार मोहक वाटतं. तरी मी ही यादी जशीच्या तशी घ्या असं म्हणणार नाही. नभ-नभस्य, सह-सहस्य, तप-तपस्य अशा जोड्या रोजच्या अर्जांत रोज चुकतील, आणि शुक्र महिन्यातला शुक्रवार कानाला खटकेल. शिवाय ही दिनदर्शिका मिझोरामचीही आहे आणि तमिळनाडूचीही. सगळी बारा नावं एकाच भाषेतून आली तर ती बाकीच्यांना आपली वाटणार नाहीत.

नव्या नावांचे प्रयोग जगात फसले आहेत, याची मला जाणीव आहे. फ्रेंच क्रांतीने १७९३ मध्ये धुकं, बर्फ, पीक, फळं यांवरून बारा सुंदर नावं घडवली. पण ती फ्रान्सच्या हवामानाची होती, समुद्रापलीकडच्या वसाहतींत निरर्थक ठरत होती. त्यातच दहा दिवसांचा आठवडा आणून लोकांची रविवारची सुट्टी काढून घेतली गेली. १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने ते सगळं बंद केलं. तुर्कमेनिस्तानात २००२ साली राष्ट्राध्यक्ष नियाझोव्ह यांनी जानेवारीला स्वतःची पदवी आणि एप्रिलला आईचं नाव दिलं, ते गेल्यावर २००८ मध्ये जुनी नावं परत आली. तेव्हा कुणाही व्यक्तीचं नाव नको, आणि एका प्रदेशाचा ऋतूही नको. महाराष्ट्रापुरतं विचारलं तर मे महिन्यातल्या शून्य सावलीवरून, म्हणजे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते त्या दिवसावरून, मी सौर वैशाखाला नाव दिलं असतं. पण दिल्लीत माध्यान्हीची सावली कधीच नाहीशी होत नाही.

माझी सूचना अशी. दोन्ही संपातांना (दिवस-रात्र समान) आणि दोन्ही अयनांना (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) सुरू होणारे चार महिने सूर्याच्या या चार टप्प्यांवरून ओळखले जावेत, कारण ते काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच दिवशी येतात. उरलेली आठ नावं देशाच्या निरनिराळ्या भाषांतून मागवावीत, शाळांनाही विचारावं. नाव लहान असावं, उच्चाराला सोपं असावं, आणि कोणत्याही वाराशी, राशीशी किंवा चांद्र महिन्याशी त्याची गल्लत होऊ नये. यासाठी खगोलतज्ज्ञ आणि भाषातज्ज्ञ यांची एक छोटी समिती नेमावी. नावं ठरल्यावर काही वर्षं राष्ट्रीय पंचांगात जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापावं. सणवार, व्रतं, तिथी जिथे आहेत तिथेच राहतील, उलट चैत्र-वैशाख पुन्हा निखळपणे चंद्राचे होतील.

समितीला वेळ लागेल हे मी समजू शकतो. तोवर एक गोष्ट आपण एका परिपत्रकाने करू शकता. राजपत्रात, आकाशवाणीवर, सरकारी कॅलेंडरवर, जिथे जिथे राष्ट्रीय तारीख येते तिथे महिन्याच्या आधी ‘सौर’ हा शब्द सक्तीचा करा. ‘१९ सौर चैत्र’ असं लिहिण्याची रीत पडली, तर बँकेतल्या त्या मुलाला निदान भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताळा घ्यावा लागणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
भूगोलाचा एक शिक्षक, सातारा