गोळीने ठणका थांबतो, काटा नाही

संपादक महोदय,
कपाशीची वेचणी सुरू झाली की बोंडाच्या वाळक्या टोकाने बोट ओरबाडणे, पायात बाभळीचा काटा रुतणे आमच्याकडे रोजचेच. सांजेला बोट लाल, गरम, टरारलेले दिसले की मजूर मेडिकलमध्ये ‘सुजेची गोळी’ मागतो.

पण ही सूज शरीरानेच बोलावलेली कुमक असते. कातडीखालच्या मास्ट नावाच्या पहारेकरी पेशी हिस्टामाइन हे रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी पोहोचून जंतू गिळतात. साफसफाईला मागाहून मॅक्रोफेज या मोठ्या भक्षक पेशी येतात. ठणका वाढतो तो शरीरातच तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे. ॲस्पिरिन हेच रसायन तयार होऊ देत नाही, असे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. ठणका थांबतो, काटा मात्र आतच!

वेदनाशामकाचे एकवेळ ठीक. दुकानदार देतो त्याच पुडीत कधी कधी स्टेरॉइडची, म्हणजे सूज जोरात दाबणाऱ्या औषधाची, गोळी असते, ही खरी भीती. ती जंतूंशी लढणाऱ्या या पेशींनाच आवरते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. मधुमेह असेल तर साखरही वाढते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकायला कायद्याने मनाई आहे. वेचणीच्या हंगामात तरी अन्न व औषध प्रशासनाने खेड्यांतली दुकाने तपासावीत, आणि आरोग्य केंद्रात धनुर्वाताची लस संध्याकाळीही मिळावी. मजूर दिवसा शेतात असतो.

– एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)