शब्दांच्या यादीऐवजी एखादं आयुष्य वाचायला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत रोज पाच इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ येतात. आमच्या गावच्या वाचनालयात मी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. मुलं ती यादी मनापासून पाठ करतात, पण पंधरा दिवसांनी निम्मे शब्द विसरलेले असतात आणि उरलेले वाक्यात वापरता येत नाहीत. म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात मी यादी बाजूला ठेवली आणि चीनचे माजी पंतप्रधान झाओ झियांग यांच्यावरचे इंग्रजी उतारे वाचायला घेतले. पहिल्याच ओळीत 'रिफॉर्मर' आला. सुधारक म्हटलं की आपल्याला आगरकर आठवतात. झाओंची सुधारणा मात्र शेतीत दिसली. १९७५ साली ते सिचुआन प्रांताचे प्रमुख झाले, तेव्हा तिथे अन्नाची टंचाई होती. त्यांनी शेतकरी कुटुंबांना आपापली जमीन कसायला मोकळीक दिली आणि धान्य वाढलं. लोक म्हणू लागले, धान्य हवं तर झियांगला शोधा. चिनी भाषेत 'शोधा' या शब्दाचा उच्चार त्यांच्या 'झाओ' या आडनावाशी जवळपास जुळतो, हे कळल्यावर मुलांनी ती म्हण चिनीतूनच पाठ केली.

पण खरा धडा 'टर्मॉइल' या शब्दाने दिला. कोशात त्याचा अर्थ खळबळ, गोंधळ. १९८९च्या एप्रिलमध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस, सुधारणावादी नेते हू याओबांग यांच्या निधनानंतर बीजिंगमध्ये विद्यार्थी तिआनआनमेन चौकात जमू लागले. २६ एप्रिलला पक्षाच्या मुखपत्राने अग्रलेखात त्या आंदोलनाला जो शब्द लावला, त्याचं इंग्रजी भाषांतर 'टर्मॉइल' असं झालं. त्या वेळी पक्षाचे सरचिटणीस असलेले झाओ उत्तर कोरियाच्या दौऱ्यावर होते. विद्यार्थ्यांची मोठी मागणी होती, तो शिक्का मागे घ्या. एका मुलीने विचारलं, "सर, खळबळ म्हटलं तर एवढं रागवण्यासारखं काय आहे?" तेव्हा सांगावं लागलं की सांस्कृतिक क्रांतीच्या, म्हणजे माओंनी १९६६मध्ये सुरू केलेल्या राजकीय मोहिमेच्या, दहा वर्षांनाही चीनमध्ये हाच शब्द लावतात. त्या वर्षांत घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली होती. शांतपणे बसलेल्या मुलांना तोच शब्द लावणं म्हणजे त्यांना देशाचे वैरी ठरवणं होतं. 'अनरेस्ट' आणि 'टर्मॉइल' यांतला फरक त्या दिवसानंतर माझ्या वर्गात कुणी चुकलेलं नाही.

१९ मेच्या पहाटे झाओ हातात कर्णा घेऊन उपोषणाला बसलेल्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही फार उशिरा आलो. दुसऱ्या दिवशी 'मार्शल लॉ', म्हणजे लष्करी अंमल, लागू झाला. जूनमध्ये, 'टर्मॉइल'ला पाठिंबा देऊन पक्षात फूट पाडल्याचा ठपका ठेवून त्यांना पदावरून काढलं. पुढे १७ जानेवारी २००५ रोजी मृत्यू येईपर्यंत ते 'हाऊस अरेस्ट'मध्ये, म्हणजे घरातच नजरकैदेत, होते. तिथे त्यांनी मुलांच्या गाण्यांच्या आणि चिनी संगीत नाटकाच्या जुन्या कॅसेटांवर आपल्या आठवणी गुपचूप ध्वनिमुद्रित केल्या. हा उतारा वाचताना वर्ग अगदी शांत होता.

'पर्ज'चंही तसंच. कोशात रेचक देणे, शुद्ध करणे असे अर्थ सापडतात, त्यामुळे मुलं गोंधळली. सांस्कृतिक क्रांतीत झाओंना पदावरून हटवून हुनानमधल्या कारखान्यात फिटरच्या कामावर धाडलं होतं, हे वाचल्यावर राजकारणातला अर्थ लक्षात आला. १९७१मध्ये त्यांना परत बोलावलं. त्याला इंग्रजीत 'रिहॅबिलिटेट' म्हणतात. आपण कोयनेच्या परिसरातले लोक. पुनर्वसन म्हटलं की आम्हाला धरणग्रस्त आठवतात. इथे अर्थ गेलेला मान परत मिळण्याचा आहे. १९८९ नंतर झाओंना तो मिळाला नाही. त्यांच्या अस्थींचं दफनसुद्धा २०१९च्या ऑक्टोबरमध्ये झालं, मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.

माझी विनंती एवढीच, की आठवड्यातून एक दिवस तरी सुट्या शब्दांऐवजी अशा एखाद्या व्यक्तीवरचा सोप्या इंग्रजीतला छोटा उतारा छापावा आणि शब्दांचे अर्थ त्या प्रसंगाला धरून द्यावेत. झाओंवर मुलांसाठी तयार केलेला दोन पानांचा उतारा सोबत जोडला आहे. योग्य वाटल्यास जरूर वापरावा, मानधनाची अपेक्षा नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, ता. पाटण, जि. सातारा